तिसऱ्या माणसाचा विमा आणि शेषण्णाचा कोहळा

बंगळुरात प्लंबर दोन प्रकारचे. एक, जो बोलावूनही येत नाही. दुसरा शेषण्णा, जो न बोलावता येतो. लग्नाच्या पंगतीतून हात धुवायला उठला आणि नळ कुरकुरताना दिसला, की हा उष्ट्या हातानेच तो नळ उघडून बसतो. मागे रांगेत सगळं वऱ्हाड हात वर धरून उभं. नवरदेवाचा बाप ओरडतो, आणि शेषण्णा खाली वाकून वॉशरला विचारतो, "किती दिवस झाले रे तुला असं होतंय?"

पूर्ण नाव शेषगिरी राव पवार, राहणार येलहंका. "आमचा मूळपुरुष घोड्यावर बसून तलवार घेऊन या गावात आला," असं तो कुणालाही सांगतो, न विचारता. "मी ओम्नीत बसून पाना घेऊन फिरतो. गाव तेच, हत्यार तेवढं बदललं." चारशे वर्षांत त्या घरातली मराठी मेली नाही, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून आलेला माणूस त्याच्याशी दोन वाक्यं बोलला की घाईघाईने हिंदीवर येतो. शेषण्णाला त्याचा राग येत नाही. मला येतो.

मी बांधकाम मजुरांच्या संघटनेत काम करते. शेषण्णा आमचा सभासद नाही. चार माणसं कामाला ठेवणारा कंत्राटदार तो, म्हणजे रीतीप्रमाणे आमच्या समोरच्या बाजूचा. पण कुठल्याही कचेरीत जायचं झालं की आधी मला फोन येतो. "अक्का, तिथं मला बोलायला येत नाही आणि तुम्हाला गप्प बसायला येत नाही. दोघं जाऊ."

त्याच्या कामाची रीत वेगळी. गळती शोधायला तो स्टीलचा पेला भिंतीला उपडा लावतो आणि कान टेकवून डोळे मिटतो. घरातल्या बाया स्वयंपाकघरातून दबक्या आवाजात विचारतात, "काय म्हणते?" प्रत्येक सोसायटीतल्या मोटरीशी त्याचं नातं ठरलेलं. जी आवाज फार करते आणि पाणी कमी देते ती आत्याबाई. जी मुकाट्याने राबते ती थोरली सून. बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात एक मोटर आहे, ती फक्त तो शिव्या घालायला लागला की चालू होते. तिला तो नाव देत नाही. म्हणतो, घरी कृष्णाबाईला कळलं तर पंचाईत. कृष्णाबाई म्हणजे त्याची बायको.

या माणसाची निम्मी कमाई मारतहळ्ळीतल्या एका सोसायटीवर चालते. सरोवर ग्रँड. जे सरोवर बुजवून ती बांधली त्याचंच नाव तिला दिलंय, आणि आत पाणी टँकरने येतं. तिथल्या पाइपचा कोपरा न् कोपरा शेषण्णाच्या हातचा. तिथलं वर्षाचं देखभालीचं कंत्राट आहे म्हणून त्याची चार माणसं महिन्याच्या महिन्याला पगार घेतात. ते गेलं तर चौघं रोज सकाळी नाक्यावर उभे.

गेल्या वर्षी सोसायटीचे अध्यक्ष झाले पद्माकर देवस्थळी. मूळचे पुण्याचे, आयुष्यभर सरकारी कारखान्यात इंजिनिअर. माणूस वाईट नाही. फक्त निवृत्त आहे. कारखान्यात हाताखाली सहाशे माणसं होती, आता एक सोसायटी आणि एक बायको, आणि बायको ऐकत नाही. त्यांनी पहिल्याच सभेत ठराव केला, की सोसायटीत काम करणाऱ्या प्रत्येकाने विमा काढलाच पाहिजे. लिफ्टवाला, माळी, सगळे. गेटजवळच्या इस्त्रीवाल्यालासुद्धा विचारलं, "तुमच्या इस्त्रीने आग लागून मनुष्यहानी झाली तर?" तो बिचारा दुसऱ्या दिवसापासून शर्ट थंड्या इस्त्रीने दाबायला लागला.

शेषण्णाच्या चुलत बहिणीचा मुलगा प्रणीत विम्याचा एजंट आहे. तो कागद घेऊन घरी आला. मी तिथेच होते.

"मामा, सोसायटीला पाहिजे तो तिसऱ्या माणसाचा विमा."

"तिसरा कोण रे?"

"पहिले तुम्ही. दुसरी कंपनी. तुमच्या कामामुळे बाहेरच्या कुणाला लागलं, कुणाचं नुकसान झालं, तर तो तिसरा."

"मी ओळखतो त्याला?"

"नाही."

"त्याला लागलंय?"

"अजून नाही."

"अय्यो. जो नाही, ज्याला काही झालेलं नाही, त्याच्यासाठी मी पैसे भरू? आणि मुनियप्पा? तो आहे की. संपमध्ये उतरतो, पडतो, खरचटतो. त्याचं काय?"

संप म्हणजे इमारतीखालची पाण्याची टाकी. माणूस झाकणातून आत उतरतो, हवा कोंडलेली असते, आणि कधीकधी वर येत नाही. मी अशा घरांत जाऊन बसलेली आहे, म्हणून सांगते. मुनियप्पा शेषण्णाचा सगळ्यात जुना माणूस आणि उतरायचं काम त्याचं.

प्रणीत म्हणाला, "ती पॉलिसी वेगळी मामा, कामगारांची. त्यांच्या पगारावर टक्क्याने हप्ता. खोल टाकीत उतरतात म्हटलं की टक्का वर चढतो."

हिशेब सरळ होता. तिसऱ्या माणसाचा विमा ओम्नीच्या चार टायरांच्या किमतीत बसत होता. चार कामगारांचा काढायचा तर ओम्नीच विकावी लागली असती. शेषण्णा मला घेऊन सोसायटीकडे गेला, म्हणाला, कामगारांच्या हप्त्यातला थोडा भार तुम्ही उचला. देवस्थळी म्हणाले, "तुमची माणसं, तुमची जबाबदारी. सोसायटीचा संबंध तिसऱ्या व्यक्तीशी."

मी उठून उभी राहिले होते. शेषण्णाने हात धरून बसवलं. "स्वल्प थांबा अक्का. नोव्हेंबरात कंत्राट नवं होईल, तेव्हा पुन्हा मागतो. तोपर्यंत मुनियप्पाला सांगून ठेवतो, हळू उतर."

तर अशा रीतीने ओळखीचा माणूस वाऱ्यावर आणि अनोळखी माणसाचा विमा. त्यानंतर शेषण्णा महिनोनमहिने त्या तिसऱ्या माणसाला शोधत होता. फरशी ओली झाली की येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघायचा, हा असेल का? एकदा एक म्हातारा घसरता घसरता सावरला, तर शेषण्णा मला म्हणाला, "जवळजवळ आला होता."

मग आली आयुधपूजा. पुण्यामुंबईकडे हिला खंडेनवमी म्हणतात आणि घरातल्या कातरीला फूल वाहून मोकळे होतात. इथे तसं नाही. इथे त्या दिवशी बसला हार, ऑटोला हार, आयटीवाल्यांच्या कॉम्प्युटरला हार. आणि कोहळा. त्याचं तोंड कापायचं, आत कुंकू भरायचं, वर कापूर पेटवायचा, ओवाळायचा आणि जमिनीवर आपटून फोडायचा. दृष्ट गेली. मग अख्ख्या शहरातले रस्ते लाल गराने माखतात आणि स्कूटरवाले धडाधड पडतात. वाहनांची पूजा व्हावी म्हणून वाहनं पाडायची, असा हा सण. पण कोहळा फुटल्याशिवाय दुसऱ्या दिवशी हत्याराला हात लावणारा कारागीर या गावात मला दाखवा.

शेषण्णाचं स्वतःचं मत विचाराल तर तो म्हणतो, "माझा देवावर विश्वास आहे, कोहळ्यावर नाही. पण मुनियप्पाचा कोहळ्यावर आहे, आणि माझा मुनियप्पावर."

सरोवर ग्रँडच्या पंपघरासमोर पूजा मांडली. पाने, पाइपला आटे पाडायचं मशीन, गटार मोकळं करायची लांब सळई, सगळ्यांना हळदकुंकू. सळईला तर मोगऱ्याचा गजरा. मुनियप्पाने कोहळा ओवाळला आणि आपटला. सुरेख फुटला. प्रसादाचे चुरमुरे वाटेपर्यंत क्लबहाउसच्या पायऱ्यांवरून आवाज आला, "कुणी पुढे येऊ नका! घसरण आहे!"

देवस्थळी. लिफ्टसमोरून 'सावधान, ओली फरशी' लिहिलेला पिवळा बोर्ड उचलून पळत येत होते, लोकांना वाचवायला. बोर्ड ठेवायची जागा त्यांनी बरोबर कोहळ्याच्या मधोमध निवडली. तिथपर्यंत ते गेले, पण पायांवर नाही. बोर्ड छातीवर उभा, साहेब आडवे, पायाचं हाड मोडलं.

मला शेषण्णाचा फोन आला. पाठीमागे ॲम्ब्युलन्सचा आवाज, आणि हा आनंदाने ओरडतोय, "अक्का! तिसरा माणूस सापडला!"

आनंद पंधरवडाभर टिकला. देवस्थळींनी दवाखान्याचं बिल शेषण्णाच्या विमा कंपनीकडे पाठवलं. स्वतःचा मेडिक्लेम होता, पण तो वापरणं त्यांच्या तत्त्वात बसेना. "मग मी सगळ्यांना विमा काढायला लावला तो कशासाठी?" म्हणाले. खाटेवर पडल्या पडल्या आपण केलेली व्यवस्था तपासून बघत होते. कंपनीने दावा फेटाळला. कारण: पॉलिसी प्लंबिंगच्या कामातून होणाऱ्या इजेची आहे, कोहळा फोडणे हे प्लंबिंगचे काम नव्हे, धार्मिक कृत्य आहे.

मग सोसायटीने शेषण्णाला कळवलं, की बिलाचा निकाल लागेपर्यंत कंत्राट पुढे चालू राहणार नाही. नोव्हेंबर तोंडावर. शिवाय नोटीस लागली, अध्यक्षांच्या सहीने: सोसायटीच्या आवारात कोहळा फोडण्यास सक्त मनाई आहे.

शेषण्णा माझ्याकडे आला. म्हणाला, "दावा गेला तर सोसायटी गेली. सोसायटी गेली तर मुनियप्पाला काय सांगू? तू फोडलास त्याने मी फुटलो?"

मी कंपनीच्या कचेरीत गेले. काचेमागच्या पोराला म्हटलं, "या शहरात कोहळा न फोडता कामाला लागणारा एक प्लंबर आणून दाखव, मी इथून उठून जाते. नाहीतर लिही, की कोहळा फोडणं हे कामाचाच भाग आहे. पान्याने नट पिळणं काम, तर पाना हातात घ्यायच्या आधी जे केल्याशिवाय पाना हातात घेता येत नाही, ते काम नाही?" तो म्हणाला मॅडम, बसा. मी म्हटलं बसायला आलेली नाही. शेवटी त्यांनी ठरवलं की माणूस पाठवून जागेवर बघू: कोहळ्यावाचून काम अडतं की अडत नाही. अडत असेल तर दावा मंजूर. अडत नसेल तर विषय संपला.

माणूस आला शनिवारी. क्षितिज नाव, पुण्याचाच, नुकताच इकडे बदली झालेला, पाठीवर सॅक, हातात टॅब्लेट. आणि नेमकी त्याच पहाटे सोसायटीची मोटर जळाली. ती आत्याबाईच. शेषण्णाने धावपळ करून नवी आणली, दुपारपर्यंत बसवली, जोडली. आता फक्त बटण दाबायचं. वरच्या टाक्या कोरड्या, तीनशे घरांत नळाला थेंब नाही, बाल्कन्यांतून माणसं खाली बघतायत.

आणि मुनियप्पा हाताची घडी घालून पंपघराच्या दारात उभा. नवं यंत्र पहिल्यांदा चालू करायचं तर कोहळा पाहिजे.

क्षितिजने शेषण्णाला विचारलं, "अंकल, सिंपल क्वेश्चन. कोहळा नसेल तर मोटर चालेल की नाही?"

उत्तर मुनियप्पाने दिलं, कन्नडमधून. मी मराठीत सांगितलं: "मोटर चालेल साहेब. मी चालणार नाही."

"पण म्हणजे टेक्निकली चालेल."

"टेक्निकली मग तुम्हीच दाबा," मी म्हटलं. "बघा, हात पुढे होतोय का?"

क्षितिजने बटणाकडे बघितलं. मग टॅब्लेटमध्ये काहीतरी लिहिलं. हात पुढे केला नाही, हे मी नोंदवून ठेवते.

मी शेषण्णाला बाजूला घेतलं. "अण्णा, नीट ऐका. तुम्ही आत्ता बटण दाबलंत, मोटर चालली, की या पोराने लिहिलंच, कोहळ्यावाचून काम होतं. दावा गेला. कंत्राट गेलं."

"आणि नाही दाबलं तर?"

"तर थोड्या वेळात ही तीनशे घरं खाली येतील."

"मग तेव्हाही कंत्राट गेलं."

"हो."

"सरी," शेषण्णा म्हणाला, म्हणजे ठीक आहे. वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावर एक बाई बाळाला कडेवर घेऊन बादली उलटी करून दाखवत होती, जणू काही शेषण्णाला बादली कळत नाही. "अक्का, नळ कोरडा असला की मला बघवत नाही हो. दोन्हीकडून जायचंच असेल तर पाणी सोडून जातो."

मी म्हटलं, "खुळे आहात तुम्ही."

"आहेच की." आणि मुनियप्पाला बाजूला सारून तो आत गेला.

क्षितिजने टॅब्लेट वर करून व्हिडिओ सुरू केला. शेषण्णाने शर्टाला हात पुसले, बोट बटणापर्यंत नेलं.

"थांबा! हात लावू नका त्याला!"

आवाज लिफ्टकडून आला. चाकाच्या खुर्चीत देवस्थळी, पाय प्लास्टरमध्ये पुढे सरळ तोफेसारखा, मागे खुर्ची ढकलणाऱ्या त्यांच्या बायको हेमलताबाई. साहेबांना घरात बसून सगळा हिशेब सुचला होता. मोटर अशीच चालू झाली तर त्यांचं बिलही बुडत होतं.

"पवार, आधी कोहळा फोडा!"

शेषण्णा म्हणाला, "सर, मनाई आहे. तुमचीच नोटीस आहे."

"नोटीस मी मागे घेतो."

"तोंडी?"

"तोंडी! आत्ता! कोहळा आणा कुणीतरी!"

वरून कुणीतरी ओरडलं, "देवस्थळी काका, तुम्ही तर अंधश्रद्धेवर व्याख्यान दिलं होतंत क्लबहाउसमध्ये!"

"तो विषय वेगळा! ही प्रक्रिया आहे!"

पण कोहळा आणायचा कुठून? वॉचमन गेटबाहेरच्या भाजीवालीकडे पळाला, तिच्याकडे कोहळ्याची फोड होती, अख्खा नाही. एका पोरीने मोबाईलवरून मागवला, दहा मिनिटांत आला, सोलून चौकोनी तुकडे केलेला, प्लास्टिकच्या डब्यात. मुनियप्पाने डबा हातात घेतला, फिरवून बघितला आणि तिला परत दिला. देताना मेलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सरळ करावं तसं झाकण तेवढं नीट लावलं.

तेव्हा हेमलताबाई म्हणाल्या, "माझ्याकडे आहे."

देवस्थळींनी मान वळवली. "तुझ्याकडे? कशाला?"

"सांडगे घालायला आणलाय. इथे ऊन बरं पडतं या दिवसांत." मग मुनियप्पाकडे वळून, हातवारे करत, "फोडायचाच होता मला. फोडा. पण तुकडे परत द्या. आणि कुंकू कमी घाला."

कोहळा खाली आला. मोठा, पांढरी भुकटी धरलेला, हिरवागार. क्षितिज आता जागा झाला. त्याने आधी कोहळ्याचं वजन विचारलं. वजनकाटा नव्हता, तर हेमलताबाईंनी दोन्ही हातांनी उचलून सांगितलं, "सहा किलोच्या वर असेल." त्याने लिहून घेतलं. मग फुटल्यावर गर किती लांब उडतो हे बघायला त्याने खडूने जमिनीवर वर्तुळं काढली, एकाच्या बाहेर एक. सगळ्यांना शेवटच्या वर्तुळाबाहेर उभं केलं. देवस्थळींची खुर्ची आणखी मागे नेली.

"काका, त्या दिवशी तुम्ही कुठल्या बाजूने आलात?"

"ईशान्येकडून."

"वेगाने?"

"कर्तव्याच्या वेगाने."

"आणि बोर्ड?"

"डाव्या हातात."

कापूर पेटला. मुनियप्पाने मोटरीवरून कोहळा ओवाळला, मग क्षितिजवरूनही ओवाळला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी. आणि आपटला. गर तिसऱ्या वर्तुळापर्यंत गेला. क्षितिज फोटो काढायला आत शिरला, गुळगुळीत तळव्याचे बूट घालून. बाल्कन्यांतलं सगळं जग त्याच्या बुटांकडे बघत होतं. तो पडला नाही. खरं सांगते, थोडी निराशा झाली.

शेषण्णाने बटण दाबलं. मोटर घुमली. जरा वेळ काहीच नाही, आणि मग एका मागून एक, सगळ्या मजल्यांवरून, तीनशे संडासांच्या टाक्या भरायला लागल्याचा आवाज. असं संगीत मी कुठल्या सभागृहात ऐकलेलं नाही.

"हे लिहा," देवस्थळी क्षितिजला म्हणाले. "कोहळा आधी, पाणी नंतर. क्रम महत्त्वाचा."

हेमलताबाई वाकून बिनकुंकवाचे तुकडे परातीत वेचत होत्या. शेषण्णाही त्यांच्याबरोबर खाली बसला. "अम्मा, हा लाल आहे, राहू दे." "अहो धुऊन जाईल. पाणी आलं ना आता?"

अहवाल गेला. क्षितिजने लिहिलं होतं, की जागेवर पाहणी केली असता विमाधारकाचं काम कोहळा फुटेपर्यंत सुरू होऊ शकलं नाही, सबब कोहळा फोडणे हा प्लंबिंगच्या कामाचा अविभाज्य भाग दिसतो. दावा मंजूर झाला. देवस्थळींना बिल मिळालं, शेषण्णाला कंत्राट. त्या दिवशी कृष्णाबाईने होळग्या केल्या, म्हणजे पुरणपोळ्याच, फक्त इथल्या. मी चार खाल्ल्या आणि कंपनीला एक शिवी कमी दिली.

पण कंपनी ती कंपनी. पॉलिसी नवी करायची वेळ आली तेव्हा प्रणीत कागद घेऊन आला आणि दारातच उभा राहिला, आत यायला घाबरत.

"मामा, त्यांनी आता कोहळा कामात धरलाय."

"बरोबर. आपणच सांगितलं की."

"तर ते म्हणतात, हे काम धोक्याचं आहे. सहा किलोचं वजन डोक्यावर उचलायचं, पेटता कापूर, निसरडी जमीन. माणसाचं हाड मोडल्याचा पुरावा त्यांच्याकडेच आहे. म्हणून कोहळा फोडणाऱ्या प्रत्येक माणसाचा कामगार विमा आता सक्तीचा. त्याशिवाय तिसऱ्या माणसाचा विमा नवा होणार नाही."

संपमध्ये उतरणाऱ्या माणसाला विमा पाहिजे म्हणून मी किती दारं ठोठावली. कुणी उघडलं नाही. कोहळा फोडणाऱ्याला मात्र पाहिजेच!

"हप्ता?" शेषण्णाने विचारलं.

"जास्त आहे. पण देवस्थळी सरांशी बोललो. निम्मा सोसायटी देते म्हणाले. कोहळ्याशिवाय मोटर चालू होत नाही, हे त्यांनीच लिहायला लावलंय ना कंपनीला, आता मागे कसे फिरणार?"

"आणि कोहळा कोण फोडतो म्हणून लिहायचं?" प्रणीतने पेन काढून विचारलं.

शेषण्णा एक क्षणही थांबला नाही. "चौघंही. आमच्याकडे सगळेच फोडतात. पाळीपाळीने."

"मामा, एक अट आहे." प्रणीत आता दारातून थोडा आत आला. "विमा लागू होतो तो कोहळा फुटून सुरू झालेल्या कामाला. कोहळा न फोडता केलेलं काम धरणार नाहीत. फोटो पाठवायचा."

मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, हे कोर्टात नेते. शेषण्णा म्हणाला, "न्या अक्का, नक्की न्या. तोवर कोहळे घेऊन येतो." आणि येलहंक्याच्या बाजारातून पोतं भरून आणलं.

आता ओम्नीत पाने पुढे आणि कोहळे मागे. नळाचा वॉशर बदलायचा असेल तर तो न फोडता बदलतो, त्यात कुणी मरत नाही. पण संप म्हटलं की कोहळा. कोर्टाची तारीख अजून लागलेली नाही. लागेल तेव्हा मी आहे आणि तो न्यायाधीश आहे.

परवा येलहंक्यात एका जुन्या बंगल्याच्या संपवर त्यांना भेटायला गेले. झाकण उघडून ठेवलेलं, आत हवा खेळावी म्हणून पंखा सोडलेला, मुनियप्पाच्या कमरेला दोर, दोराचं टोक दोघांच्या हातात. एवढं तरी माझ्या शिव्यांनी झालंय. बंगल्याची मालकीण पायरीवर उभी राहून बघत होती, टाकी साफ करायची तर नारळ-कोहळा कशाला म्हणून. मोबाईल तयार धरून शेषण्णाने मान हलवली. मुनियप्पाने कापूर लावला, ओवाळला, दोन्ही हातांनी उचलून आपटला.

कोहळा फुटला नाही. टणकन उडाला, गडगडत जाऊन गुलाबाच्या कुंडीला टेकला, साबूत.

मुनियप्पाने त्याच्याकडे बघितलं, मग टाकीकडे. वेळ जात होता, ऊन चढत होतं. म्हणाला, जाऊ दे अण्णा, उतरतो, आणि एक पाय शिडीवर ठेवला.

"ए, पाय वर घे!" शेषण्णा ओरडला, आणि कोहळा आणायला स्वतःच धावला. "अजून विमा सुरू झाला नाही!"